बावखलाचा काठ आणि देवाची इच्छा

धर्मगुरूच्या ओठांवर काही वाक्ये सवयीने येतात. आजाऱ्याच्या उशाशी, नोकरी गमावलेल्याच्या ओसरीवर, शवपेटीच्या मागून चालताना ती आपोआप उच्चारली जातात. ती खोटी नसतात. परंतु फार हातांतून फिरलेल्या नाण्याप्रमाणे त्यांच्यावरचा ठसा पुसट झालेला असतो. ‘देवाची इच्छा’ हे त्यांपैकी एक. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका बालकाच्या दफनविधीत मी ते उच्चारले. त्यानंतर ते मला पूर्वीच्या सहजतेने उच्चारता आलेले नाही. असे का झाले, याचा विचार मी अधूनमधून करीत आलो आहे आणि तो वाचकांपुढे मांडावा असे आता वाटते.

वसईच्या पट्ट्यातील वाचकांना बावखल म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच सांगतो, की आमच्या पूर्वजांनी वाडीला गोडे पाणी मिळावे म्हणून जागोजागी खणलेली ही छोटी तळी. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि समुद्र इतका जवळ असूनही विहिरी खारट होत नाहीत. एकेका बावखलावर अनेक कुटुंबांचा सामायिक हक्क असे. त्यावेळी मी ज्या धर्मग्रामात होतो तेथे असेच एक बावखल होते, आणि ते चर्चच्या जमिनीत होते. जुन्या काळी त्यावर रहाट असताना एका बाजूला दगडी बांध होता. रहाट गेला, विजेचा पंप आला, बांधाचे दगड हळूहळू पाण्यात उतरले. पावसाळ्यात पाणी काठोकाठ भरले, वर हिरवे शेवाळ पसरले, की जमीन कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते हे मोठ्या माणसालाही चटकन कळत नसे.

ऑगस्ट महिन्यातील एका सकाळी, साधारण अकराच्या सुमारास, शेजारच्या घरातील अडीच वर्षांचा मुलगा त्या पाण्यात गेला. आई चुलीपाशी होती, आजी वाडीत फुले खुडत होती, बाप कामावर. कोणीही काही ऐकले नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी शोधाशोध सुरू झाली आणि बावखलापर्यंत यावयास आणखी काही वेळ गेला. मी धावत पोहोचलो तेव्हा एक धट्टाकट्टा तरुण त्या बालकाला पायांना धरून गरागरा फिरवीत होता. पोटातले पाणी पडावे म्हणून दुसरा कोणी पोट दाबीत होता. मी गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. जमलेल्या तीसचाळीस माणसांत त्या बालकाच्या मुखात श्वास घालावा हे एकालाही सुचले नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी शुभ्र झगा घालून मी त्याला माती दिली. स्नानसंस्कार झालेल्या बालकासाठी चर्च शोकाचा रंग वापरीत नाही. ते थेट पित्याच्या घरी जाते अशी आपली श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेविषयी माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. प्रवचनात मी तेच सांगितले आणि शेवटी म्हणालो की ही देवाची इच्छा होती; ती आपल्याला कळत नाही, आपण ती नम्रपणे स्वीकारू या.

सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर आजी सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, “फादर, पोर गेलं ती देवाची इच्छा म्हणता. मग आपला काठ बांधायचा राहिला, ती कुणाची इच्छा?”

मी काही उत्तर दिले नाही. ती उत्तरासाठी थांबलीही नाही.

त्या रात्री मी पॅरिश कौन्सिलचे इतिवृत्ताचे पुस्तक काढले. जे शोधीत होतो ते सापडले. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत एका सभासदाने बावखलाच्या उघड्या बाजूस कठडा बांधावा असे सुचविले होते. पुढे लिहिले होते : ‘पुढील सभेत विचार करावा.’ पुढील सभेत सणाच्या रोषणाईचा खर्च मंजूर झाला होता, आणि कठड्याचा उल्लेख नव्हता. दोन्ही पानांच्या तळाशी अध्यक्ष म्हणून माझी सही होती.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. कोणी कोणावर दावा लावला नाही. गावाने मात्र आपला निकाल दिला, आणि तो आईविरुद्ध होता. ‘आई कुठे होती?’ हा प्रश्न मी त्या आठवड्यात इतक्या तोंडांतून ऐकला, की तो विचारणाऱ्यांत इतिवृत्तावर सह्या करणारेही होते हे ध्यानात यावयास मला वेळ लागला.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकविले गेले. कृती न करण्याचेही उत्तरदायित्व माणसावर येते काय, या प्रश्नाची चर्चा करताना त्यांनी एक दृष्टान्त दिला आहे, आणि योगायोग असा की तोही बुडण्याचाच आहे. जहाज बुडाले तर दोष सुकाणू धरणाऱ्याकडे जातो. त्याने जहाजाला भोक पाडले म्हणून नव्हे, सुकाणू धरावयाचे सोडले म्हणून. परंतु थॉमस लगेच मर्यादाही घालतात. जे न केल्याचा दोष द्यावयाचा, ते त्या माणसाला करता येण्याजोगे असले पाहिजे आणि करणे त्याचे कर्तव्यही असले पाहिजे. वादळात सापडलेल्या प्रत्येक जहाजाचा दोष किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाकडे जात नाही. परीक्षेत मी हे उत्तम लिहिले होते. ‘करता येण्याजोगे’ आणि ‘कर्तव्य’ या दोन शब्दांखाली तेव्हा मी रेघ ओढली होती; काठ बांधणे या दोन्ही कसोट्यांना उतरते, हे मात्र त्या आजीला थॉमस न वाचता कळले.

मिस्साच्या आरंभी आपण जी पापकबुली म्हणतो तिच्यात विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला आपण जे करावयाचे सोडले त्याचाही उच्चार आहे. हा चौथा शब्द प्राचीन नाही. लॅटिन मिस्सा ज्यांनी ऐकली आहे अशा वृद्धांना आठवत असेल, की जुन्या पाठात तो नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या, १९७० सालच्या मिस्साग्रंथात तो आला. मला ही सुधारणा त्या परिषदेच्या मोठमोठ्या दस्तऐवजांइतकीच मोलाची वाटते. मात्र आपण छातीवर हात मारतो तो बहुधा केलेल्या पापांसाठी. न केलेल्या गोष्टींना चेहरा नसतो, त्यामुळे त्या रविवारच्या सकाळी आठवत नाहीत.

कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले हे पाहण्याची उत्सुकता मला पुढे निर्माण झाली. १८३७ साली मेकॉले व त्याच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा मसुदा केला. त्याच्या टिपणांत एक उदाहरण आहे. नदीला पूर आला आहे, उतार धोक्याचा आहे आणि वाटसरू पाण्यात पाऊल टाकण्याच्या बेतात आहे. एकाला हे ठाऊक आहे आणि तो जाणूनबुजून गप्प बसतो, वाटसरू मरतो. तो गप्प बसणारा वाटसरूंना सावध करण्यासाठी सरकारने नेमलेला शिपाई असेल, तर हा खून. तो पैसे घेऊन वाट दाखविणारा वाटाड्या असेल, तरीही खून. परंतु माणुसकीपलीकडे ज्याच्यावर त्या वाटसरूचा कोणताही हक्क नाही असा तो कोणी असेल, तर खून नव्हे. मेकॉलेचे म्हणणे असे, की लोकांना अपाय करण्यापासून रोखणे एवढेच दंडविधानाने करावे. भले करावयास प्रवृत्त करणे हे काम लोकमताकडे आणि नीती व धर्म शिकविणाऱ्यांकडे सोपवावे. या विचारावर आधारलेली संहिता १८६० साली मंजूर झाली आणि २०२४ च्या जुलैपर्यंत आपल्या देशात चालली. फ्रान्ससारख्या देशांत मात्र, स्वतःला धोका नसताना संकटात सापडलेल्याला मदत न करणे हाही गुन्हा आहे.

कोणता कायदा चांगला, हा वाद येथे नको. मला थांबविले ते त्या सोपविण्याने. धर्म शिकविणाऱ्यांकडे, म्हणजे माझ्याकडेच! कायद्याने जे काम आपल्या हातून खाली ठेवले ते माझ्या हाती दिले होते, आणि मी रोषणाईच्या खर्चावर सही करीत होतो. शिवाय जमीन चर्चची होती. मेकॉलेच्या उदाहरणात मी कोण, वाटेवरचा अनोळखी की नेमलेला शिपाई, याचे उत्तर मला फार शोधावे लागले नाही.

आधुनिक नीतिविचारात आणखी एक तळे प्रसिद्ध आहे. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात विचारले : तुम्ही एका उथळ तळ्याजवळून जात आहात, त्यात एक मूल बुडत आहे, तुमचे कपडे चिखलाने भरतील एवढीच किंमत आहे, तर तुम्ही त्याला बाहेर काढाल ना? काढाल, असे उत्तर कोणीही देईल. मग दूर देशी उपासमारीने मरणाऱ्या मुलासाठी थोडे पैसे देण्याचे कर्तव्य वेगळे कसे, असा त्यांचा पुढचा प्रश्न. सिंगर यांची अनेक मते चर्चच्या शिकवणुकीच्या विरुद्ध आहेत व ती मला मान्य नाहीत. या एका प्रश्नापुढे मात्र मान खाली घालावी लागते.

तो निबंध त्यांनी १९७१ साली पूर्व बंगालमधील निर्वासितांचे हाल पाहून लिहिला. तळ्यातले मूल हा त्यांनी कल्पिलेला दृष्टान्त होता. आणि त्याच पूर्व बंगालमध्ये, आजच्या बांगलादेशात, खरी मुले खऱ्या तळ्यांत मरत होती. २००३ साली तेथे झालेल्या मोठ्या आरोग्य-सर्वेक्षणात असे दिसून आले की वर्षाला सुमारे १७ हजार मुले बुडून मरतात. लसीकरणाने, अतिसारावरील साखर-मिठाच्या पाण्याने बालमृत्यू कमी झाले तसे हे मरण उघडे पडले. पूर्वी ते इतर मरणांच्या गर्दीत लपले होते. तेथील संशोधकांनी गावोगावी हिंडून साध्या गोष्टी विचारल्या : कोठे, किती वाजता, कोण कोठे होते? उत्तरे जवळपास एकसारखी आली. एक ते चार वर्षांचे मूल, घरापासून हाकेच्या अंतरावरील तळे किंवा डबके, सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यानची वेळ, आणि आई घरकामात. हे वाचताना मला आमचे बावखल आणि अकराची वेळ आठवली. माझ्या प्रवचनात जे गूढ होते त्याला वेळापत्रक होते!

त्यांनी तेथे जे केले त्याचे नाव ‘आंचल’. बंगालीतल्या या शब्दाला आपण पदर म्हणतो. गावातील एक स्त्री सकाळी नऊ ते एक, आठवड्याचे सहा दिवस, पंचवीसेक बालकांना एका घरात सांभाळते, गाणी-गोष्टी शिकविते. चार वर्षांवरील मुलांना गावच्याच तळ्यात बांबूचा मंच बांधून पोहावयास शिकविले जाते. २००६ ते २०१० या काळातील या प्रयोगाचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आंचलमध्ये जाणाऱ्या बालकांत बुडून मरण्याचे प्रमाण, न जाणाऱ्यांच्या तुलनेत, ऐंशी टक्क्यांहून अधिक कमी आढळले. पोहणे शिकलेल्या मुलांत त्याहूनही कमी. २०२२ साली तेथील शासनाने अशी ८ हजार केंद्रे उभारण्याची योजना मंजूर केली. यात कोठलेही यंत्र नाही, औषध नाही. एक बाई आणि चार तास.

या चार तासांपाशी ‘आई कुठे होती?’ या प्रश्नाचा निकाल लागतो. आई भात शिजवीत होती. ज्या घरात दोन हात आणि सहा कामे आहेत तेथे डोळे पाण्यावर लावून बसणे हे कोणत्याही आईला शक्य नाही. आणि डोळे लावून बसली तरी काही सेकंदांचा खेळ असतो. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका किनाऱ्यावर बुडणाऱ्या माणसांचे चित्रीकरण करून दाखवून दिले, की खरोखर बुडणारा माणूस हाका मारीत नाही आणि हात हलवून बोलावीतही नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात तो श्वास घेतो, हाकेला श्वास उरत नाही. वीस ते साठ सेकंदांत सारे संपते. चित्रपटांनी आपल्याला शिकविलेला आरडाओरडा प्रत्यक्षात नसतो. त्या घरी कोणी काही ऐकले नाही, कारण ऐकण्याजोगे काही घडलेच नव्हते. हे मी त्या आईला पुढे समजावून सांगितले. तिच्या मनावरचे ओझे त्यामुळे किती उतरले हे मला सांगता येत नाही, परंतु ती पुन्हा मिस्साला येऊ लागली.

आता पवित्र शास्त्राकडे वळतो. आपण चांगल्या शोमरोन्याचा दाखला इतक्या वेळा ऐकला आहे, की परोपकार म्हटला की आपल्याला रस्त्यावर पडलेला जखमी माणूस दिसतो. शब्बाथाच्या दिवशी कोणाचा मुलगा किंवा बैल विहिरीत पडला तर तो त्याला तत्काळ वर काढणार नाही काय, असे प्रभू येशूने परुश्यांना विचारले. तेथेही पडणे आधी झालेले आहे. सिंगरांच्या तळ्यातही मूल आधीच पाण्यात आहे. आपली सारी नैतिक कल्पना जणू पाण्यात पडलेल्या मुलापासून सुरू होते. मोशेचे नियमशास्त्र मात्र, ज्याला आपण रूक्ष म्हणून भराभर ओलांडतो, त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे की कोणी खड्डा खणला आणि झाकला नाही, आणि त्यात शेजाऱ्याचा बैल वा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. पडणारा कोण, तो भला की बुरा, त्याने नीट पाहिले होते की नाही, याची तेथे विचारपूस नाही. आणि कोणी पडेपर्यंत थांबण्याचीही मुभा नाही. मी ही दोन्ही वचने सेमिनरीत वाचली होती, पण त्यांवर एकदाही प्रवचन केले नव्हते. शोमरोन्यावर किती वेळा केले असेल, ते देवच जाणे.

मग ‘देवाची इच्छा’ हे शब्द खोटे काय? तसे मी म्हणणार नाही. शास्त्रज्ञानी थॉमस सांगतात की देव दुष्ट गोष्ट इच्छीत नाही. ती घडू देण्याची परवानगी मात्र त्याच्या इच्छेत असते. हा भेद बारीक आहे आणि मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या आईला तो सांगण्यात अर्थ नाही. पण प्रवचनकाराने तो विसरावयाचा नसतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली त्याविषयी बोलताना प्रभूने स्पष्ट सांगितले, की ती माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती. देवाने शिक्षा केली हे उत्तर त्याने नाकारले. ही देवाची इच्छा होती असेही तो म्हणाला नाही. ऐकणाऱ्यांना त्याने स्वतःकडे वळावयास सांगितले. मी नेमके उलटे केले होते. माझ्या सहीच्या दोन पानांवर मी देवाची इच्छा पसरली, आणि लोकांनी ती निमूटपणे स्वीकारावी असा उपदेश केला. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये या आज्ञेचा हाही एक अर्थ असू शकतो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत वर्षाला ३० हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद होते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी वाहिला. चर्चच्या पंचांगात तो कोळीकाम सोडून आलेल्या संत याकोबाचा सण, आणि जुन्या पंचांगात, नदीपार बालकाला खांद्यावर नेणाऱ्या संत ख्रिस्तोफरचाही. न्यूयॉर्कमध्ये दिवस ठरविणाऱ्यांना हे ठाऊक असेल असे वाटत नाही. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना तर पंचांगाचीही गरज नव्हती. प्रभूला आपण तारणारा म्हणतो. तरणे, तारणे, तारू ही सारी पाण्याचीच शब्दसंपत्ती आहे. तारणारा म्हणजे पाण्यातून पैलतीरी नेणारा. बुडू लागलेल्या पेत्राचा हात धरणारा प्रभू आपल्या चर्चमध्ये काचेवर रंगविलेला असतो. स्नानसंस्काराच्या वेळी आपण बालकाच्या डोक्यावर पाणी ओततो, ते मरण आणि नवा जन्म या दोहोंचे चिन्ह म्हणून. पाण्यात मरण आहे हे आपल्या उपासनेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्या पॅरिश कौन्सिलच्या विषयपत्रिकेला ते ठाऊक नाही.

दुर्घटनेनंतर पहिली सूचना आली ती बावखल बुजविण्याची. ती करणाऱ्यांचा आवाज कळवळ्याचा होता. त्यांपैकी एकदोघांच्या डोळ्यांत त्या जागेवरच्या इमारतीचे चित्र असावे अशी शंका मला तेव्हा आली आणि ती दूर झालेली नाही. वसईत कितीतरी बावखले अशीच भरली गेली आणि मग विहिरी खारावल्या, आळ्यांतून पाणी तुंबू लागले. मुलाच्या मरणाचा आधार घेऊन पाणी मारावे हे मला पटले नाही. शिवाय पाणी एका ठिकाणी बुजविले तरी समुद्र उरतोच, खाडी उरते, सहलीला गेलेल्या मुलांपुढचा धबधबा उरतो. आमच्या वडिलांच्या पिढीला पाठीला वाळका भोपळा बांधून याच बावखलात सोडीत आणि चार दिवसांत मूल पोहू लागे. आमच्या पिढीत ते थांबले. मुलींच्या वाट्याला तर ते फारसे आलेच नव्हते. यहुदी धर्मपंडितांच्या जुन्या ग्रंथात, तालमुदात, बापाने मुलासाठी काय करावे याची यादी आहे : धर्म शिकवावा, धंदा शिकवावा, लग्न लावून द्यावे, आणि काहींच्या मते पोहावयास शिकवावे. आम्ही पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी वर्षभर करून घेतो. पोहण्याचे दोन आठवडे त्यात बसविले, तेव्हा काही पालक आणि एक ज्येष्ठ धर्मगुरू माझ्याकडे चमत्कारिक दृष्टीने पाहू लागले.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण तिच्यात आपल्याच शिकवणुकीचा धोका आहे. मित्रासाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे पोहता न येणारा बापही मुलामागे उडी घेतो, मुलगा कधीकधी वाचतो आणि बाप जातो. अनेकदा दोघेही जातात. फ्रँकलिन आणि पर्न या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०११ साली अशा घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचे शीर्षक ‘प्रेमापोटी बुडणे’ असे काहीसे होते. अशा बापाला मी वेडा म्हणणार नाही. त्याच्यासाठी मिस्सा करताना माझा आवाज कापेल. पण दुसरे मरण देवाने मागितलेले नसते. काठावर एक दोर असता, फुगविलेली ट्यूब असती, निदान साडी फेकण्याचे भान असते, तर त्या प्रीतीला प्राण द्यावा लागला नसता. आणि वर काढल्यावर त्याला गरागरा फिरवावयाचे नसते, पोट दाबावयाचे नसते. उताणे निजवून, हनुवटी वर करून प्रथम श्वास द्यावयाचा आणि मग छाती दाबीत राहावयाचे, मदत येईपर्यंत. शूनेमच्या स्त्रीच्या मृत मुलावर ओणवा होऊन संदेष्टा अलीशाने आपले मुख त्याच्या मुखावर ठेवले, हे मी कितीदा वाचले होते. आता त्या वर्षापासून दर मे महिन्यात एक परिचारिका भगिनी कापडी बाहुलीवर ते आमच्या तरुणांकडून करवून घेते. पहिल्या वर्षी मी स्वतः रांगेत उभा राहिलो.

कठडा बांधला तो सप्टेंबरात. दोन वर्षे जे पैसे नव्हते ते दहा दिवसांत जमले. एका दात्याने आपल्या नावाची फरशी बसवावी अशी इच्छा व्यक्त केली. ती मी मान्य केली नाही, त्यावरून थोडी कुरबूर झाली. आशीर्वादाच्या ग्रंथात घराला, नौकेला, शेताला आशीर्वाद आहेत. कठड्याला मला सापडला नाही. मी निर्गमातील तो खड्ड्याचा उतारा वाचला, पवित्र पाणी शिंपडले आणि इतिवृत्ताची ती दोन पाने लोकांना वाचून दाखविली, खालच्या सहीसह. आजी आली नव्हती. आई आली होती. शेवटच्या रांगेत उभी होती.

कठड्याच्या आत एका खांबावर दोर आणि मोटारीची जुनी ट्यूब टांगली. ट्यूब दोनदा चोरीला गेली. पुढे माझी बदली झाली तेव्हा नवीन धर्मगुरूंना कार्यभार देताना जी यादी मी लिहून दिली, तिच्यात कॅलिस, पाट्या, दफनभूमीच्या नोंदवह्या, जमिनीचे सातबारे आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या यांच्याखाली एक ओळ वेगळी लिहिली : बावखलावरील दोर, दर जूनच्या आधी बदलावा. त्यांनी ती वाचून माझ्याकडे पाहिले, आणि मी त्यांना बावखल दाखवावयास घेऊन गेलो.